स्थिरवस्तुचित्र आणि दुसऱ्याची नजर

फळें, भांडीं, पुस्तकें, फुलें, वस्त्राची एखादी घडी अशा स्वतः न हालणाऱ्या वस्तू समोर मांडून त्यांचें जें चित्र काढितात, त्यास स्थिरवस्तुचित्र किंवा थोडक्यांत स्थिरचित्र असें म्हणतात. शासकीय रेखाकला परीक्षांपैकीं इंटरमीजिएट परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांस हा विषय परिचित आहेच. तेथें तो कागदावर हाताळला जातो. पुढें ज्यांची आवड टिकते ते कॅनव्हस व तैलरंग यांकडे वळतात.

निसर्गचित्र काढणाऱ्यास समोरचा डोंगर हलवितां येत नाहीं. व्यक्तिचित्र काढणाऱ्यास पुढें बसलेल्या गृहस्थाचें नाक बदलतां येत नाहीं. परंतु तांब्या डावीकडे सरकवावा कीं उजवीकडे, पेरू तीन ठेवावे कीं पांच, खिडकी उघडी ठेवावी कीं अर्धी लोटावी, हें सर्व स्थिरचित्र काढणारा आपल्या मर्जीनें ठरवितो. म्हणून ह्या चित्रांतील वस्तू निर्जीव असल्या तरी त्यांची मांडणी ही सर्वस्वी चित्रकाराची कृति होय, आणि ती बिघडली तर दोष दुसऱ्या कोणावर लोटतां येत नाहीं. मांडणी शिकावयास स्थिरचित्रासारखा दुसरा गुरु नाहीं तो ह्याच कारणानें.

ह्या गुरूपाशीं शिकतांना एक अडचण मात्र प्रत्येकास येते. तीन दिवस एकाच तांब्याकडे टक लावून पाहिल्यावर चित्रांत काय उतरलें आहे तें आपणांस दिसेनासें होतें; काय उतरवावयाचें होतें तेंच दिसूं लागतें. स्वतःच्या निबंधांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका जशा स्वतःस सांपडत नाहींत, तशांतलाच हा प्रकार. चित्र आरशांत पाहणें, दहा पावलें मागें सरून पाहणें, एक रात्र भिंतीकडे तोंड करून ठेवून सकाळीं पाहणें, हे उपाय चांगलेच आहेत. परंतु सर्वांत उत्तम उपाय म्हणजे दुसऱ्याची ताजी नजर. लिओनार्दो दा व्हिंची यानें चित्रकारास आरशाचाहि उपदेश केला आहे, आणि लोकांचीं मतें मनापासून ऐकून घ्यावीं असाहि केला आहे.

मतें ऐकणें ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. एक कठोर शब्द कानीं पडतांच कुंचला कायमचा ठेवून देणारीं मुलें असतात; आणि घरीं दारीं केवळ वाहवाच ऐकल्यामुळें दहाव्या चित्रांतहि पहिल्या चित्रांतीलच चुका करणारीं मुलेंहि असतात. दोघांचेंहि नुकसान होतें. अभिप्रायापासून लाभ कसा करून घ्यावा, हें एका उदाहरणानें पाहूं.

समजा, एका विद्यार्थ्यानें १६ इंच रुंद व १२ इंच उंच कॅनव्हसवर तैलचित्र काढावयास घेतलें. मेजावर गडद निळें वस्त्र अंथरून त्यानें बरोबर मधोमध पितळी तांब्या ठेविला. डावीकडे हिरव्या कांचेची बाटली, तिच्यावर पांढरी चिठ्ठी चिकटविलेली. उजवीकडे चिनी मातीचा पेला. आणि पुढें सारख्या अंतरावर तीन पेरू. मेजाची मागची कड चित्राच्या अगदीं मध्यावर आली. कोळशानें रेखाटन करून पातळ रंगांचा पहिला हात दिल्यावर त्यानें तें चित्र पांच जणांस दाखविलें.

धाकटा भाऊ म्हणाला, “बाटली तांब्याला चिकटली आहे.” मुलाचें बोलणें म्हणून तें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. बाटली वास्तविक तांब्याच्या मागें चार बोटें होती. परंतु विद्यार्थी जेथें बसला होता तेथून दोहोंच्या कडा एकमेकींस नुसत्या शिवत होत्या. प्रत्यक्ष पाहतांना आपल्या दोन डोळ्यांमुळें अंतर कळतें. कॅनव्हसला मात्र खोली नाहीं. तेथें जवळच्या वस्तूनें दूरच्या वस्तूचा कांहीं भाग झांकला तरच मागचें-पुढचें उमगतें. कडा नुसत्या शिवल्या कीं दोन्ही वस्तू एकाच प्रतलांत जडविल्यासारख्या भासतात. उपाय सोपा आहे: बाटली इतकी सरकवावी कीं तांब्यानें तिची एक बाजू स्पष्ट झांकावी, किंवा दोहोंमध्यें निःसंदिग्ध मोकळी जागा दिसावी.

आई म्हणाली, “हा पेला आतां कलंडेल.” यथार्थदर्शनाचे नियम तिनें कधीं वाचले नव्हते, परंतु फळीवर पेले मांडण्यांत तिचें आयुष्य गेलें होतें. पेल्याचें तोंड वर्तुळाकार असतें, पण तिरपें पाहतांना तें लंबवर्तुळ दिसतें. तें डोळ्यांच्या पातळींत आलें तर केवळ एक रेघ दिसते, आणि पातळीच्या जसजसें खालीं जावें तसतसें अधिक उघडें दिसतें. पेल्याचा तळ तोंडापेक्षां खालीं असल्यामुळें त्याची गोलाई तोंडाच्या गोलाईहून किंचित् अधिकच असावयास पाहिजे. विद्यार्थ्यानें तोंड चांगलें गोल काढिलें, कारण तें गोल असतें हें त्यास ठाऊक होतें. आणि तळ सरळ रेघेनें काढिला, कारण मेज सपाट असतें हेंहि त्यास ठाऊक होतें. डोळ्यांस जें दिसलें तें न काढितां त्यानें मनास जें ठाऊक तें काढिलें. परिणामीं पेल्याचें तोंड वरून पाहिल्यासारखें व तळ समोरून पाहिल्यासारखा झाला. एका पेल्यास दोन दृष्टिपातळ्या मिळाल्यावर तो कलंडावयाचाच.

शेजारच्या मित्रानें विचारिलें, “बाटलीवर काय लिहिलें आहे?” हा अभिप्राय नव्हे, साधा प्रश्न होय, तथापि पांचांपैकीं सर्वांत उपयोगाचें वाक्य कदाचित् हेंच असेल. मित्राची नजर प्रथम चिठ्ठीवर गेली. कां गेली? गडद हिरव्यावर शुभ्र पांढरा, रेखीव कडा आणि वर अक्षरें, इतकें सर्व एके ठिकाणीं आलें म्हणून. चित्रांत जेथें उजेड व अंधार यांचा विरोध सर्वांत तीव्र असतो आणि कडा सर्वांत ठळक असतात, तेथें पाहणाऱ्याचा डोळा आपोआप ओढला जातो. येथें नायक व्हावयाचा होता तांब्या, आणि मान मिळाला कोपऱ्यांतील चिठ्ठीस. बाटली फिरवून चिठ्ठी मागें न्यावी, किंवा तिचा पांढरा रंग करडा करून कडा मऊ कराव्या. आणि सर्वांत उजळ ठिपका पितळेवरील चकाकीस राखून ठेवावा.

चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, “डोळे अर्धवट मिटून पहा, आणि किती वस्तू उरल्या तें सांगा.” विद्यार्थ्यानें पाहिलें तों पेला व चिठ्ठी एवढींच उरलीं, निळें वस्त्र, हिरवी बाटली व तांब्याची सांवली मिळून एकच काळोखाचा ढीग झाला. डोळे बारीक केले असतां बारीकसारीक तपशील नाहींसा होतो, रंगांचें आकर्षण कमी होतें आणि उजेड-अंधाराचें प्रमाण तेवढें कळतें. निळा व हिरवा हे निरनिराळे रंग खरे, परंतु दोन्ही सारखेच गडद असतील तर चित्रांत ते एकमेकांत बुडून जातात. ह्यावर उपाय रंगाच्या नळींत नसून खिडकींत आहे. दोन खिडक्यांपैकीं एक बंद करून डावीकडून व जरा वरून एकच उजेड घ्यावा. तांब्याच्या उजळ बाजूमागें पार्श्वभूमि गडद व अंधाऱ्या बाजूमागें थोडी फिकी ठेवावी. शिक्षकांनीं आणखी एक सूचना केली. तांब्या ठीक मध्यावर, मेजाची कड ठीक मध्यावर आणि पेरू कवायतीस उभे केल्यासारखे, यामुळें चित्राचे सारखे सारखे वांटे पडतात व नजर खिळून राहते. तांब्या मध्यापासून बाजूस घ्यावा, कड वर किंवा खालीं न्यावी, दोन पेरू जवळ ठेवून तिसरा जरा दूर ठेवावा, म्हणजे नजरेस हिंडावयास वाट मिळेल.

घरीं आलेले पाहुणे म्हणाले, “वा! छान आहे.” ह्यांचे आभार मानावे, मात्र ह्या शब्दांतून कांहीं शिकतां येत नाहीं. अशा वेळीं नम्रपणें एवढेंच विचारावें कीं, “आपली नजर प्रथम कोठें गेली, आणि मग कोठें गेली?” ह्या प्रश्नास ज्याला चित्रांतलें कांहीं कळत नाहीं तोहि खरें उत्तर देऊं शकतो.

ह्या पांच अभिप्रायांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. रोगी वैद्यास ‘येथें दुखतें’ एवढें सांगतो. रोगाचें निदान करणें व औषध देणें हें वैद्याचें काम. त्याचप्रमाणें पाहणारा मनुष्य चित्रांतील दुखरी जागा दाखवितो. कारण शोधून उपाय करणें हें चित्रकाराचें काम. कोणी म्हणेल, “ह्या कोपऱ्यांत एक फूल काढा.” फूल काढणें हा उपाय कदाचित् चुकीचा असेल; परंतु तो कोपरा त्यास रिकामा वाटला, ही गोष्ट खोटी नाहीं. उपाय नाकारावा, पण जागा तपासून पहावी.

प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीझ याची प्लिनी नामक रोमन ग्रंथकारानें सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. आपलें चित्र लोकांपुढें मांडून तो आड लपून त्यांचें बोलणें ऐकत असे. एकदां एका चांभारानें चित्रांतील पायतणाचा एक बंद कमी आहे असें म्हटलें. अपेलीझनें तो दोष दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशीं चांभारास चेव येऊन तो पायाच्या आकारासहि नांवें ठेवूं लागला, तेव्हां अपेलीझनें बाहेर येऊन त्यास पायतणापुरतेंच बोलण्यास बजाविलें. लोक ह्या गोष्टीचा दुसरा दिवस लक्षांत ठेवितात व टीकाकारांचीं तोंडें बंद करण्यासाठीं ती सांगतात. विद्यार्थ्यानें पहिला दिवस लक्षांत ठेवावा. एवढा मोठा चित्रकार लपून बसला होता तो ऐकण्यासाठीं, आणि चांभाराचें म्हणणें खरें ठरतांच त्यानें रंग कालविले.

सर्व सूचना एकदम अंमलांत आणूं नयेत. त्यांस क्रम आहे. प्रथम मांडणी, मग रेखांकन, मग उजेड-अंधार, मग रंग आणि सर्वांच्या शेवटीं बारकावे. चिठ्ठीवरील अक्षरें सुधारण्यांत सकाळ घालविली आणि दुपारीं बाटलीच हलवावी लागली, तर सकाळ फुकट गेली. यास्तव खरा अभिप्राय घ्यावयाचा तो रंग लावण्यापूर्वीं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीनचार निरनिराळ्या मांडण्यांचीं कच्चीं रेखाटनें करावीं, जाड कागदास चौकोनी खिडकी कापून तींतून वस्तूंकडे पहावें, आणि त्याच वेळीं दुसऱ्यास विचारावें. त्या वेळीं चूक सुधारण्यास एक पेरू उचलून ठेवण्याइतकेच श्रम पडतात.

पुढें दोष आढळला तरी तैलरंग क्षमाशील आहे. जलरंगांत एकदां काळवंडलेला कागद पुन्हां उजळणें कठीण. तैलरंग ओला असेपर्यंत रंगसुरीनें खरवडून काढितां येतो व सुकल्यावर त्यावर पुन्हां रंगवितां येतें. मात्र त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून तें घट्ट होतें, व त्यास कित्येक दिवस लागतात. अंबरसारखे मातकट रंग लवकर सुकतात, हस्तिदंती काळा फार सावकाश सुकतो. म्हणून खालचे थर टर्पेंटाइननें पातळ केलेले व कमी तेलाचे आणि वरचे थर अधिक तेलाचे असावे. उलट केल्यास वरचा थर आधीं सुकून पुढें तडे जातात. चिकट झालेल्या अर्धवट ओल्या रंगावर दुरुस्ती करूं नये; तो खरवडावा, नाहींतर सुकूं द्यावा. टीका ऐकून तत्काळ कुंचला उचलणाऱ्यास हा रंग सक्तीनें थांबावयास लावितो, हाहि त्याचा एक उपकारच. आणखी एक सावधगिरी: तेलानें भिजलेलीं फडकीं ढीग करून टाकूं नयेत, तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. तीं पाण्यांत भिजवून टाकावीं.

आतां एका थोर चित्रकाराचें उदाहरण पाहूं. व्हिन्सेंट व्हान गॉग हा १८८५ सालीं हॉलंडमधील न्यूनेन ह्या खेड्यांत रहात होता. त्या वर्षीं त्यानें बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचें मोठें चित्र काढिलें व त्याच विषयाचा शिळाछाप आपला मित्र अँथन व्हान राप्पार्ड यास पाठविला. राप्पार्डनें इतकी कडक टीका केली कीं व्हिन्सेंटनें तें पत्र त्यास परत पाठविलें. पांच वर्षांची मैत्री त्या वर्षींच संपली. इकडे त्याचा धाकटा भाऊ थिओ हा पॅरिसमध्यें चित्रविक्रीच्या धंद्यांत होता. व्हिन्सेंटचे रंग फार काळवंडलेले आहेत असें तोहि सांगत असे. परंतु तो आपल्या भावास दरमहा पैसे पाठवी, पत्रें लिही आणि पॅरिसमधील नव्या चित्रांचें वर्णन कळवी. टीका दोघांचीहि होती. एकीनें दार लागलें, दुसरीनें उघडलें.

त्याच वर्षाच्या शरदृतूंत व्हिन्सेंटनें स्थिरचित्रांचा अभ्यास मांडला. बटाट्यांच्या टोपल्या, तांब्याची किटली, पक्ष्यांचीं घरटीं असे त्याचे विषय होते. थिओनें माने नामक फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्राचें वर्णन पत्रीं लिहिलें, तेव्हां त्याच्या उत्तरादाखल व्हिन्सेंटनें ऑक्टोबर महिन्यांत एक स्थिरचित्र काढिलें, आणि तें एका दिवसांत पुरें केलें. आज तें अॅम्स्टरडॅम येथील व्हान गॉग संग्रहालयांत आहे. काळ्या पार्श्वभूमीपुढें चित्राचा बहुतेक भाग व्यापणारें उघडें बायबल आहे. तें त्याच्या वडिलांचें. वडील धर्मोपदेशक होते व त्याच वर्षीं मार्चमध्यें वारले होते. बायबलाजवळ विझलेली मेणबत्ती आहे; आणि पुढें मेजाच्या कडेशीं एमिल झोलाची एक लहानशी कादंबरी, लिंबासारख्या पिंवळ्या वेष्टनाची. करड्या-पांढऱ्या पानांचा केवढा मोठा विस्तार, आणि त्यास तोलून धरणारा तो पिंवळा तुकडा केवढा लहान! वस्तू थोड्या, प्रत्येकीस आपली जागा, आणि रंगाविषयीं भावानें घेतलेल्या शंकेस शब्दांऐवजीं रंगानेंच दिलेलें उत्तर.

एवढ्यावर तो थांबला नाहीं. १८८६ सालीं तो पॅरिसला गेला, भाऊ ज्यांविषयीं लिहीत होता तीं चित्रें स्वतः पाहिलीं, आणि भावाचें म्हणणें त्यास पटलें. मॉडेलास द्यावयास पैसे नसल्यामुळें त्यानें फुलांचीं चित्रें एकामागून एक काढिलीं आणि निळ्यासमोर नारिंगी, तांबड्यासमोर हिरवा, पिंवळ्यासमोर जांभळा असे परस्परविरोधी रंग मांडून पाहिले. १८८८ सालीं आर्ल येथें काढलेलीं सूर्यफुलें ह्या अभ्यासाचें फळ होत. तथापि सर्वच टीका त्यानें मान्य केली नाहीं. बटाटे खाणाऱ्यांचें तें चित्र आपल्या कामांत सर्वोत्तम आहे, असें त्यानें १८८७ सालीं आपल्या बहिणीस लिहिलें. रंगाविषयीं ऐकलें, पण आपल्या विषयावरील श्रद्धा सोडिली नाहीं. ऐकणें आणि शरण जाणें ह्यांत भेद आहे तो हाच.

शेवटीं अभिप्राय देणाऱ्यांविषयीं, विशेषतः पालकांविषयीं, दोन शब्द. स्थिरचित्राच्या क्षेत्रांत ज्याचें नांव अग्रगण्य, तो फ्रेंच चित्रकार ज्यां सिमेऑन शार्दँ (१६९९–१७७९) हा एका सुताराचा मुलगा. टांगलेला पाकट मासा, खालीं कालवें आणि तीं पाहून पाठ फुगविलेली मांजर, अशा एका चित्रावर व भांड्याफळांच्या दुसऱ्या एका चित्रावर १७२८ सालीं पॅरिसच्या राजकीय कलासंस्थेनें त्यास सभासद करून घेतलें. पुढें त्या संस्थेच्या प्रदर्शनांत चित्रें लावण्याचें काम त्याजकडे आलें. दिदरो हा विख्यात टीकाकार प्रदर्शनावर लिहीत असे. १७६५ च्या लेखांत त्यानें शार्दँचें बोलणें नमूद केलें आहे. शार्दँचें सांगणें असें कीं, टीकाकारांनीं जरा सौम्यपणा धरावा; येथील अगदीं वाईट चित्र काढणाऱ्याच्या मागें, तितकेंहि साधेना म्हणून निराशेनें कुंचला मोडलेले शेंकडों अभागी आहेत; सातव्या-आठव्या वर्षीं पेन्सिल हातीं दिल्यापासून ह्या विद्येंत किती वर्षें व किती अश्रू जातात हें पाहणाऱ्यास ठाऊक नसतें. स्वतः उत्तम चित्रकार असलेला मनुष्य हें बोलला, म्हणून त्यास वजन आहे.

सौम्यपणा म्हणजे खोटी स्तुति नव्हे. परीक्षेंतील श्रेणी चित्र कितपत चांगलें झालें तें सांगते. कोठें बिघडलें तें सांगत नाहीं. पालकांनीं केवळ श्रेणी विचारून स्वस्थ बसूं नये. मुलाच्या चित्रासमोर दोन मिनिटें उभें राहून प्रथम काय दिसलें, काय खरें वाटलें आणि नजर कोठें अडखळली, एवढें सांगावें. चित्रकला येत नसली तरी हें सांगतां येतें. त्या आईस पेल्याचें कळलेंच कीं नाहीं? आणि विद्यार्थ्यांनीं ऐकलेलें प्रत्येक वाक्य त्याच दिवशीं चित्राच्या मागें पेन्सिलीनें लिहून ठेवावें, दुसऱ्या दिवशीं मन शांत असतां वाचावें, आणि मग मांडलेल्या वस्तूंपुढें पुन्हां बसून त्यांतील कोणतें खरें तें डोळ्यांसच विचारावें.